येझ्दीवरून चार दशकांपलीकडे

मे 1982. सकाळी लालबागला तुम्ही येझ्दी सुरू करता. एकच दांडा: उभा केला की किक, आडवा पाडला की गियर. खिशातल्या मोबाइलला रेंज नाही, तो तिथेच राहू द्या. गिरण्यांच्या चिमण्या उभ्या आहेत, पण धूर नाही. 18 जानेवारीपासून डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेलेत. त्यातले निम्मेअधिक आपापल्या गावी असावेत, असं चाळींतल्या बंद खोल्या पाहून वाटतं.

पनवेल सोडलं की मुंबई-गोवा हायवे. हायवे म्हणायचा एवढंच. समोरून लाल डबा आला की तुम्ही साइडपट्टीवर. जिल्ह्याचं नाव गेल्या वर्षी रायगड झालं, पण दुकानांच्या पाट्यांवर अजून ‘जि. कुलाबा’. पंपावर पेट्रोलबरोबर ऑईल मिसळून घ्यायला विसरू नका, नाहीतर इंजिन जाम. महाडपुढे सावित्रीचा 1928 सालचा दगडी पूल लागतो. 2016 च्या ऑगस्टमधल्या पुरात तो माणसांसकट वाहून जाणार आहे, हे या रस्त्यावर फक्त तुम्हाला ठाऊक आहे. सांगायचं कुणाला? कशेडी घाट चढायला घ्या.

खेडहून उजवीकडे, दापोलीमार्गे हर्णै. इथे घाई करू नका. ओहोटी आहे, होड्या काठाला लागू शकत नाहीत, म्हणून बैलगाड्याच समुद्रात शिरतात. बैलांच्या पोटाला पाणी लागतं, तरी ते मुकाट उभे. टोपल्या गाडीत रिकाम्या होतात, चाकं वाळूत रुततात, गाडीवान शिव्या घालतो आणि मागे सुवर्णदुर्ग उन्हात तापत असतो. वाळूवर लिलाव सुरू होतो. बायकांचा आवाज दलालांवर मात करतो, आणि ते योग्यच आहे.

गर्दीत धुतलेला शर्ट घातलेला एक माणूस नुसता उभा. “गाव कंचा म्हनायचा?” तो विचारतो. तुम्ही मुंबई म्हणताच जवळ येतो. साच्यावर होता, परळला. शिमग्याला आला तो परत गेलाच नाही. “मिटंल म्हैन्याभरात,” म्हणतो. चाकरमान्याला गावात एवढे दिवस पाहुणा म्हणून राहता येत नाही. भावाच्या शेतात बांध घालायला जातो. पोस्टमन येतो तेव्हा आता त्याच्या घरचं कुणी अंगणात धावत नाही, कारण मनीऑर्डर पाठवणारा माणूसच ओटीवर बसलेला आहे.

दाभोळला खाडी आडवी येते. गाड्या नेणारी फेरीबोट इथे 2003 मध्ये येईल. तोवर चौघं मिळून येझ्दी उचलतात आणि होडीत आडवी घालतात. पेट्रोलचा कॉक आधी बंद करा. पलीकडे अंजनवेलचा गोपाळगड दिसतो, त्याच्या आसपास नुसत्या आमराया. एन्रॉनचा वीज प्रकल्प यायला अजून दहाएक वर्षं आहेत. धोपाव्याला उतरून गुहागर गाठा, व्याडेश्वराला हात जोडा आणि चिपळूणकडे वळा.

चिपळूणचा उकाडा म्हणजे उकाडा. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी पोफळीचं वीजघर. सह्याद्रीपलीकडे कृष्णेला मिळणाऱ्या कोयनेचं पाणी बोगद्यांतून इकडे पाडलंय. त्याच्यावर वीज होते आणि पाणी वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जातं. कोकणाने मुंबईला माणसं पुरवली, सह्याद्रीने वीज. दोघांच्या वाट्याला परत काय आलं, याचा हिशेब कुणी मांडला नाही, असं माझं मत आहे.

घाट चढताच हवा बदलते, करवंदांच्या जाळ्या रस्त्याला लागतात. कोयनानगरला चहा घ्या. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे धरणीकंप झाला, तेव्हा इथली घरं कोसळली; चहावाला ती रात्र न विचारता सांगतो. पुढे पाटण, कराड, आणि संध्याकाळच्या आत तुम्ही देशावर.

हर्णैच्या त्या माणसाला तुम्ही काहीच सांगितलं नाहीत, हे बरंच केलंत. गिरणी संप मिटला नाही; अधिकृतपणे तो कधी मागेही घेतला गेला नाही. पुढच्या खेपेला कोकणात गेलात, की गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या गिरणीकामगाराच्या ओटीवर बसा आणि ब्याऐंशीचा मे महिना कसा गेला, ते त्याच्याच तोंडून ऐका.