उताऱ्यातला मुद्दा : 'दर्पण'पासून आपल्या 'अनसीन'पर्यंत



इंग्रजीच्या पेपरातला 'अनसीन पॅसेज' आठवतो ना? रिकाम्या जागा भरायला सगळे पुढे. 'मध्यवर्ती कल्पना लिहा' किंवा 'शीर्षक द्या' आलं की पेन थांबायचं. पण इंग्रजी मजकुराचा मुद्दा मराठी डोक्याने पकडण्याचं काम आपल्या जिल्ह्यातल्या माणसांनी फार पूर्वीच केलं आहे.

देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं. एका स्तंभात मराठी, शेजारच्या स्तंभात इंग्रजी. असं पत्र चालवायचं तर शब्दाला शब्द जोडून भागत नाही. म्हणणं काय आहे, ते आधी मनात स्पष्ट लागतं.

पुढे मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. पास झालेल्यांत न्यायमूर्ती रानड्यांबरोबर आपल्या मालवणात जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकरही होते. त्यांनी १८६४ आणि १८६८ साली संस्कृतची दोन पाठ्यपुस्तकं लिहिली. आधी नियम, मग शब्द, मग भाषांतराला वाक्यं, अशी त्यांची रचना. इंग्रजीही शाळाशाळांतून याच वाटेने शिकवलं जाई. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या पोसल्या गेल्या. या पद्धतीने पाया पक्का झाला. पण भाषांतरात प्रत्येक वाक्याला सारखाच मान असतो, एकही गाळता येत नाही. मुद्दा काढायचा तर काय गाळायचं हेच ठरवावं लागतं.

वाचन हे स्वतंत्र कौशल्य आहे, असं ढाक्यात शिक्षण खात्यात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी १९२६ च्या आपल्या द्वैभाषिकतेवरील ग्रंथात मांडलं. आपल्या मुलांना इंग्रजी आधी वाचून समजायला हवं, बोलणं नंतर, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी मोजक्या शब्दांची वाचनमाला तयार केली.

आपण पाचवीत एबीसीडी गिरवली आणि कोल्हापूर बोर्डाची दहावी दिली. तेव्हाची सर्वांना ठाऊक असलेली युक्ती म्हणजे प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ते वाक्य उतरवायचं. माहितीच्या प्रश्नाला ती चालते. मध्यवर्ती कल्पनेला चालत नाही, कारण ती बऱ्याचदा कुठल्याही एका वाक्यात लिहिलेलीच नसते.

समजा, उतारा रापणीवर आहे. पहिल्या परिच्छेदात जाळं ओढणारी माणसं आणि त्यांचे वाटे. दुसरा 'हाऊएव्हर'ने सुरू होतो आणि यांत्रिक बोटी आल्यावर किनाऱ्यालगतची मासळी कशी घटली ते सांगतो. 'मासेमारी' हा झाला विषय. 'वाटे कसे पडतात' हा तपशील. 'सगळ्यांना वाटा देणारी रापण यांत्रिक मासेमारीपुढे मागे पडली' ही मध्यवर्ती कल्पना. ताळा सोपा आहे : दोन्ही परिच्छेद त्या वाक्यात मावतात का? एक जरी बाहेर राहिला तरी उत्तर अपुरं.

मी गेली वीसेक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. ग्राहकाच्या चाळीस पानी इंग्रजी मागणीपत्रातून त्याला नक्की काय हवंय हे शोधणं, हा माझ्या कामाचा मोठा भाग. तिथे अस्खलित इंग्रजी बोलणारेही अडखळतात, कारण अडचण भाषेची नसून निवडीची असते.

२००० सालापासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आलं. दहावीच्या आताच्या कृतिपत्रिकेत उताऱ्याचा सारांश आणि शीर्षक लिहायचं असतं. तरीही आपल्या भागातल्या मराठी माध्यमाच्या मुलांना वाटतं की हे आपलं काम नव्हे. त्यांना आपण सांगायला हवं की उतारा इंग्रजीत वाच, पण 'हा माणूस सांगतोय काय?' हे मनाशी मालवणीत विचार. गजाल लांबली की 'मुद्द्यार ये' म्हणणाऱ्या घरात वाढलेल्या पोरांना मुद्दा ओळखता येतोच. तो इंग्रजीत मांडायला शब्द लागतात, आणि ते आपल्या शिक्षकांनी आपल्याला दिले तसे त्यांनाही मिळू शकतात.