अंगठ्याचा इतिहास

पियानोच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलाला स्केल्स आणि आर्पेजिओ ही शिक्षा वाटते. आपल्या पलट्यांसारखीच ही चढउतार, पण इथे कस लागतो अंगठ्याचा. उजव्या हाताने सी मेजर वाजवताना तिसऱ्या बोटानंतर अंगठा तळव्याखालून सरकतो आणि स्वर न तुटता हात पुढे जातो.

ही सवय उपजत नव्हे. कार्ल फिलिप इमॅन्युएल बाख यांनी १७५३च्या आपल्या ग्रंथात वडिलांची आठवण नोंदवली आहे: त्यांच्या तरुणपणी थोर वादकही अंगठा फक्त लांबच्या स्वरांसाठी वापरीत. पुढे १८१४मध्ये लोगिए यांनी हात नेमक्या जागी धरून ठेवणाऱ्या ‘कायरोप्लास्ट’ या साच्याचे पेटंट घेतले. रियाज यंत्राच्या हाती गेला.

१८८९ साली लंडनमधील दोन संगीतसंस्थांनी संयुक्त परीक्षा मंडळ स्थापले. आज त्याच्या प्रात्यक्षिक परीक्षेत १५०पैकी २१ गुण स्केल्सना आहेत. उत्तीर्ण होण्यास १०० पुरतात, म्हणजे स्केल्स सोडूनही निभावते. विशेष प्रावीण्याला मात्र १३० लागतात आणि उरतात १२९! २०२० साली मंडळाने केवळ रचना वाजवण्याची, स्केल्सविरहित पर्यायी परीक्षाही आणली.

परीक्षकापुरता अंगठा सुटला. पण रचनेतली धावती ओळ आली, की तो पुन्हा बोटांखालून सरकतोच. तिथे पर्याय नाही.