करडी: वैनगंगेकाठी फिरायला कसे, राहायला कसे?

भंडारा जिल्ह्यातला मोहाडी तालुका वैनगंगेने दुभागलेला आहे. मोहाडी पश्चिमेला, करडी पूर्वेला. करडीहून कोका अभयारण्याचे जंगल जवळ. २०१३ साली जाहीर झालेले हे अभयारण्य आज नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात मोडते.

नुसते भटकायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पहाटे कडाक्याची थंडी, दुपारी सोसवेल असे ऊन. वाघ-बिबटे पाहायचे तर मात्र एप्रिल-मे गाठावा लागतो. पाणवठे आटतात आणि उरलेल्या पाण्यावर प्राणी येतात. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे दुपार घरातच काढावी. पावसाळ्यात साधारण जुलै ते सप्टेंबर सफारी बंद असते.

राहणाऱ्यांचे गणित वेगळे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पहाटे गळतात आणि ऊन चढण्याआधी वेचावी लागतात, मग तेंदूपत्ता. पर्यटक जिप्सीत बसून वाघ शोधत असतो, त्याच वेळी मोह वेचणारी बाई पायी, खाली वाकून, त्याच रानात असते. वाघाच्या नजरेला वाकलेला माणूस सावजासारखा दिसतो. धान पिकले की रानडुकरांसाठी रात्रीची जागल वेगळीच.

नदीकाठी घर बांधण्याचा बेत असेल तर ऑगस्ट २०२० ची अखेर आठवावी. मध्य प्रदेशातल्या धरणांचे पाणी उतरले आणि वैनगंगा भंडारा शहरात शिरली. जागा पूररेषेच्या आत आहे का, हे सौद्याआधीच तपासावे.