अठरा पेन्सचा रुपया आणि सोलापूरचा गिरणगाव

मध्यवर्ती बँकेचे चलनविषयक धोरण आणि विनिमयदर यांचा संबंध केवळ मुंबईच्या नाणेबाजारापुरता मर्यादित नसतो. सोलापूरसारख्या गिरणगावात तो मालक, मजूर व कापूस पिकविणारा शेतकरी यांच्यातील उत्पन्नवाटपाचा प्रश्न ठरतो. रुपयाच्या दराविषयीचा १९२६-२७ चा वाद या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

हिल्टन यंग आयोगाने १९२६ मध्ये रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे १८ पेन्स, ठेवण्याची आणि रिझर्व्ह बँक स्थापन करण्याची शिफारस केली. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडून १६ पेन्सचा आग्रह धरला. १९२७ च्या कायद्याने १८ पेन्सचा दर स्वीकारला. १२ शिलिंगांचे विलायती कापड १६ पेन्सच्या दराने ९ रुपयांना, तर १८ पेन्सच्या दराने ८ रुपयांना पडे. १८७७ पासून कापडगिरण्या चालविणाऱ्या सोलापूरला या एका रुपयाच्या फरकाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. शिवाय चढा दर टिकवावयाचा तर चलनाचा संकोच करावा लागे; त्यामुळे व्याजदर चढत आणि शेतमालाचे भाव दबत.

तथापि, उतरता दर सर्वांच्याच हिताचा असतो, असेही म्हणता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात या प्रश्नाची दुसरी बाजू मांडली. रुपया घसरला की किमती वाढतात, मजुरी मात्र मागे राहते. म्हणून उद्योजकाचा लाभ हा राष्ट्राचा लाभ नसून श्रमिकांच्या वाट्यातून झालेला असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

१ एप्रिल १९३५ रोजी कार्यारंभ करणाऱ्या रिझर्व्ह बँकेवर १८ पेन्सच्या आसपास ठरावीक दरांनी स्टर्लिंगची खरेदी-विक्री करण्याचे कायदेशीर बंधन होते. विनिमयदर आधी ठरलेला आणि पतधोरण त्याच्या दावणीला बांधलेले, अशी ही व्यवस्था होती. १९९३ नंतर रुपयाचा दर मुख्यतः बाजारात ठरू लागला, तर २०१६ च्या कायदादुरुस्तीने महागाईनियंत्रणाचे लक्ष्य पतधोरणाच्या केंद्रस्थानी आले.

सोलापूरचा टॉवेल आज परदेशी जातो. रुपया उतरल्यास निर्यातदाराला एका डॉलरमागे अधिक रुपये मिळतात. यंत्रमाग कामगाराला मात्र आयात इंधन व खाद्यतेल महाग पडते. दर ठरविण्याची रीत बदलली, तरी त्याचा लाभ कोणाला आणि भार कोणावर, हा प्रश्न कायम आहे.