नगरची ‘मंडळी’ आणि पार्सिपनीचे मंडळ

मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत आम्ही उभे होतो. पार्सिपनीत नव्यानेच राहायला आलेल्या एका ताईंनी आमचे आडनाव विचारले, मग गाव विचारले. ‘नगर’ म्हटल्यावर त्यांच्या मामांचे घर तिथेच निघाले आणि गप्पांना रंग चढला. तेवढ्यात आमच्यापैकी एकीच्या मंगळसूत्रातला छोटा क्रूस त्यांना दिसला. “अय्या, तुम्ही ख्रिश्चन? पण मराठी किती शुद्ध बोलता हो!” बाईंच्या मनात काही वावगे नव्हते. आम्ही हसलो, त्यांच्या पानात एक चकली वाढली आणि विषय संपला.

पण तो आमच्यापुरता संपला. रूट ४६ वरून घरी येताना मागच्या सीटवरून मुलीने विचारले, “आपण मराठी बोलतो याचं त्या मावशींना आश्चर्य का वाटलं?” गंमत म्हणजे याच मुलीला चर्चमध्ये अगदी उलटा प्रश्न विचारतात. तुम्ही इथे आल्यावर ख्रिस्ती झालात का, असे तिथल्या आजीबाई मोठ्या प्रेमाने विचारतात. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे आणि ते जवळजवळ दोनशे वर्षांचे आहे. संपादकांनी “काहीतरी लिहून द्या” असा तगादा लावलाच होता, म्हणून ते उत्तर इथे लिहीत आहोत.

वाचकहो, या गोष्टीची सुरुवात नगरला होत नाही, आपल्या शेजारी होते. फेब्रुवारी १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील सेलम गावी पाच तरुणांना परदेशी धर्मसेवेची दीक्षा मिळाली. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे फिलाडेल्फियाहून गलबतात बसले. फिलाडेल्फिया म्हणजे आपण पाहुण्यांना लिबर्टी बेल दाखवायला नेतो तेच. ते कलकत्त्याला पोचेपर्यंत अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात लढाई जुंपली होती. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते, त्यातून हे शत्रूराष्ट्राचे. त्यांना परत पाठवण्याचे हुकूम निघाले. तरीही फेब्रुवारी १८१३ मध्ये दोघे मुंबईला पोचले, आणि पुष्कळ अर्ज-विनंत्यांनंतर गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्या कृपेने त्यांना राहू दिले गेले. पुण्यात तेव्हा दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई अजून उभी होती. व्हिसासाठी खेटे घातलेल्या आपल्या मंडळींना त्या अर्ज-विनंत्यांची कल्पना करायला फार कष्ट पडू नयेत.

हॉलसाहेबांनी मराठी शिकून घेतली. १८२६ साली नाशिककडून परतताना वाटेतच पटकीने त्यांचा अंत झाला. पुढे १८३१ मध्ये याच अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणे दिले, शाळा काढल्या, आणि १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले. न्यू हॅम्पशायरच्या मिस सिंथिया फॅरार यांनी आधी मुंबईत आणि मग नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचे शिक्षण घेतले ते नगरला यांच्याचकडे. हे सर्व पुस्तकांतून वाचायला मिळते, म्हणून त्यात अधिक वेळ घालवत नाही. आम्हाला सांगायचे आहे ते घरातले. शाळा आणि छापखाने यांचा इतिहास लिहिला जातो. पण धर्म बदलला त्या रात्री घरात चुलीपाशी काय झाले, हे सहसा कोणी लिहीत नाही.

एका बाईने मात्र ते लिहिले, आणि असे लिहिले की मराठीत त्याला तोड नाही. लक्ष्मीबाई टिळक. आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत ‘स्मृतिचित्रे’तला एखादा धडा वाचला असेल. नारायण वामन टिळक हे कोकणातले, विद्वान, कवी आणि स्वभावाने भोळे व तापट. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला. पुढे दोन वर्षे मनात खळबळ चालली होती. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला आधी सांगितले नाही. लक्ष्मीबाईंना ही बातमी कळली तेव्हा त्या माहेरच्या माणसांत होत्या, आणि मुलगा दत्तू अवघा तीन-चार वर्षांचा होता.

टिळकांची थोरवी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत, तरी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. त्यांनी घरात न सांगता हे केले ते आम्हाला कधीच पटलेले नाही. विश्वास ज्याचा त्याचा खरा, पण त्याची किंमत त्या घरात दुसऱ्याच माणसाने मोजली. जवळजवळ पाच वर्षे पती-पत्नी वेगळी राहिली. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, आणि भोवती सांत्वनाला येणाऱ्या बायका! त्या काळात ही बाई कविता करू लागली.

मग त्या परत आल्या. पण परत आल्या म्हणजे ख्रिस्ती झाल्या असे नव्हे, आणि इथेच खरी गोष्ट आहे. नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळ्यातली. एकाच छपराखाली तिचा स्वयंपाक वेगळा, तिचे पाणी वेगळे. त्यांच्या वडिलांचे सोवळे तर असे की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. त्या घरात वाढलेल्या मुलीला एका दिवसात हे टाकता येणार होते थोडेच? टिळकांनी या वेळी जबरदस्ती केली नाही. हळूहळू विचार करता करता बाईंच्या मनाने घेतले की जात देवाने केलेली नाही, माणसाने केली आहे. आधी पाण्याची शिवाशिव गेली, मग जेवणाची. बाप्तिस्मा अगदी शेवटी आला, १९०० साली राहुरीला. नवऱ्याने पाच वर्षे आधी एका उडीत जे गाठले ते त्यांनी एकेक पायरी चढून गाठले. आम्हाला विचाराल तर त्यांचा विश्वास अधिक टिकाऊ होता, कारण तो स्वयंपाकघरातून आला होता.

आणि घर बदलले म्हणजे काय झाले? लुगडे तेच राहिले, कुंकवावरून वाद झाले, भाषा तर अधिकच मराठी झाली. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, नगरला याच घरात येऊन राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे वागवले, आणि तो मुलगा शेवटपर्यंत हिंदूच राहिला. १९१८ मध्ये आगगाडीखाली सापडून त्यांना मृत्यू आला तेव्हा या ख्रिस्ती घरात पोटचे पोर गेल्यासारखा शोक झाला. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण ख्रिस्ती घर म्हणजे बाटवाबाटवीचा कारखाना असा एक समज अजून कुठे कुठे आहे.

टिळकांना आणखी एक गोष्ट सलत असे. मंडळीत (आमच्या बोलीत ‘मंडळी’ म्हणजे चर्च, म्हणून या लेखाचे नाव) गाणी म्हटली जात ती इंग्रजी चालींवरची, भाषांतरित, जिभेला न वळणारी. नगरचे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा टिळकांच्या आधीच पाडली होती. टिळकांनी अभंग, ओव्या, पदे लिहून उपासनाच मराठी करून टाकली. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांची अडीचशेच्या आसपास गाणी मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात आली. १९१७ मध्ये तर त्यांनी मिशनचा पगारच सोडला, साताऱ्याला जाऊन ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही जागा होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना पुरले नाही, अग्नी दिला. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अकरा अध्यायांवर थांबले होते. उरलेले चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईने!

आता जरा अवघड भाग. ख्रिस्ती म्हटले की सगळे टिळकांची, पंडिता रमाबाईंची, बाबा पदमनजींची नावे घेतात. आम्हीही आताच घेतली. ही मोठी माणसे खरीच, पण नगर जिल्ह्यातली बहुतेक ख्रिस्ती घरे ब्राह्मणांची नव्हती, महार-मांगांची होती. आमचेही त्यांतलेच. १८७६ ते ७८ चा आणि त्यानंतर शतकाच्या अखेरचा, असे मोठे दुष्काळ पडले. मिशनने कामे काढली, धान्य दिले, अनाथ पोरे सांभाळली, आणि त्या वर्षांत गावेच्या गावे मंडळीत आली. “पोटासाठी बाटले” हे वाक्य आमच्या वडीलधाऱ्यांनी आयुष्यभर ऐकले आहे. त्यात अजिबात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. भूक खोटी नव्हती. पण दुष्काळ सरला, पाऊस पडला, धान्य बंद झाले, तरी ही माणसे परत गेली नाहीत. कारण शाळेत त्यांच्या मुलाला दाराबाहेर बसवत नव्हते आणि प्रभुभोजनाचा प्याला सगळ्यांच्या ओठांना लागत होता. मंडळीत जात अजिबात उरली नाही असा दावा मात्र कोणी करू नये. सोयरीक जुळवायची वेळ आली की ती कोपऱ्यातून हळूच डोके काढते. स्वतंत्र भारतात १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्त्यांना नाकारल्या गेल्या. म्हणजे गावाच्या लेखी जुनी जात कायम आणि सरकारच्या लेखी ती गेलेली.

असो. घरात काय चाले ते सांगतो. संध्याकाळी दिवे लागले की कुटुंबाची प्रार्थना. आजी पवित्र शास्त्रातला उतारा वाची, एक गीत होई, मग प्रत्येकाने एक वाक्य बोलायचे. धाकट्यांचे वाक्य बहुधा परीक्षेविषयी असे. रविवारी सकाळी शब्बाथ शाळा, मग उपासना. उत्तम शुक्रवारी चूल उशिरा पेटे. नाताळाच्या आधी आठ दिवस करंज्या, शंकरपाळे आणि चकल्या, अगदी तुमच्या दिवाळीचाच फराळ. दिवाळीत शेजारच्या काकूंकडून आलेले ताट नाताळात भरून परत जाई. दारावर चांदणीचा आकाशकंदील, आणि मध्यरात्री पेटी, ढोलकी घेऊन गाणारी पोरे. लग्नात पांढरी साडी असे, पण आदल्या दिवशी हळदही लागे. पाळक थोडे नाक मुरडत, आणि मग जेवायला थांबत.

यातले इथे किती उरले? खरे सांगायचे तर थोडे. आमच्या इथल्या चर्चमध्ये सर्वांनी मायेने सामावून घेतले आहे, पण तिथे गाणी इंग्रजीच आहेत. ज्या इंग्रजी चालींशी टिळक झगडले त्याच आमची मुले सफाईने म्हणतात, आणि टिळकांचे पद त्यांना परके वाटते. आणि मंडळात? कार्यक्रम गणेशवंदनेने सुरू होतो. त्याबद्दल आमची तक्रार नाही, आम्ही उभे राहतो. पण मराठी शाळेत ‘आपले सण’ या पाठात नाताळ नाही. मुलीने ते विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “तो अमेरिकन सण आहे ना!” नगरच्या आमच्या आजीला हे ऐकून काय वाटले असते, देव जाणे.

हे फक्त इथले नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. या पदावर बसलेले ते पहिलेच ख्रिस्ती धर्मगुरू. काही संघटनांनी त्या निवडीला विरोध केला. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले १६१६ साली, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधी. त्यानंतर चारशे वर्षांनीही फादर दिब्रिटोंना आपण मराठी असल्याचे सांगावे लागले. ते २०२४ मध्ये गेले.

गेल्या हिवाळ्यात आम्ही घरात एक प्रयोग सुरू केला आहे. रविवारी रात्री जेवणानंतर ‘स्मृतिचित्रे’ची दोन पाने मोठ्याने वाचायची. लक्ष्मीबाईंचे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी संपादित केलेली टिपांसह आवृत्ती भारतातून मागवली, त्यामुळे अडलेल्या जागा सुटतात. मुलगा पहिल्या दिवशी कंटाळला. तिसऱ्या रविवारी टिळकांच्या विसरभोळेपणाचा एक किस्सा आला आणि तो हसून लोळला. मुलगी मात्र सोवळ्याच्या पानांवर गंभीर झाली. “ती त्याच्यावर रागावलेली होती, तरी परत का गेली?” असे तिने विचारले. आम्ही दोघांनी दोन निरनिराळी उत्तरे दिली, आणि त्यावरून आमचेच भांडण रात्री उशिरापर्यंत चालले.

तर मंडळाच्या सभासदांना आमंत्रण. यंदा नाताळाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या घरी टिळकांची पदे म्हणायची ठरवले आहे. हिंदू, ख्रिस्ती, कोणीही यावे. नुसते ऐकायला आणि करंज्या खायला आलात तरी चालेल. चारोळी लेक हायवाथाच्या दुकानात मिळाली, खवा घरीच आटवू. पेटी आमच्याकडे आहे, तिचा एक सूर मात्र अडकतो. तबलजी कोणी असल्यास संपादकांकडे नाव द्यावे. आणि त्या दिवाळीच्या रांगेतल्या ताई हे वाचत असतील तर त्यांनी जरूर यावे. त्यांच्या मामांचे घर नगरला नेमके कोणत्या गल्लीत, ते विचारायचे राहूनच गेले.