घोड्याचे दात आणि जीपचे किलोमीटर

पोलिसांच्या इतिहासात आपण बंडे वाचतो, दरोडे आणि गोळीबार वाचतो. वाहनांकडे सहसा कोणी पाहत नाही. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांपुरते पाहिले, तर शासनाचा हात कुठवर पोचतो हे पुष्कळदा वाहनाने ठरवलेले दिसते. म्हणून गस्तीची गाडी कधी बाद करायची, हा प्रश्न मला हिशेबनिसाइतकाच इतिहासाचाही वाटतो.

मोटारीपूर्वी घोडा होता. त्याचे वय जाणता माणूस दातांवरून ओळखी, चालवून त्याचे पाय पाही. दात कोरून वय लपवणारे व्यापारीही असत. तरीही निर्णय व्हायचा तो जनावर समोर उभे करून.

१९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले, तेव्हा वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. हे सरकार टिकले ते मुख्यतः गावागावांतल्या लोकांच्या पाठबळावर. पण भूगोलाचाही वाटा होताच. सडक संपली की पुढे ओढे, काळ्या रानातला चिखल आणि डोंगर. मोटार जिथे थांबे, तिथून पुढे ब्रिटिश सत्तेलाही पायीच चालावे लागे.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला. १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्याच सुमारास महिंद्र कंपनी मुंबईत विलीज जीपची जुळणी करू लागली होती. जीप चिखलातून जाई, आणि तालुक्याचा मिस्त्रीही ती उघडून पुन्हा जोडू शके. पण या गुणातच एक अडचण होती. प्रत्येक भाग बदलता येतो म्हटल्यावर गाडी संपली केव्हा, हे सांगायचे कोणी?

सरकारी उत्तर म्हणजे निर्लेखन : वय, किलोमीटर आणि दुरुस्तीचा खर्च तपासायचा, तज्ज्ञाकडून किंमत ठरवून घ्यायची, मग जाहीर लिलाव. यामागचे गणित सोपे आहे. गाडी जितकी जास्त वर्षे वापरावी, तितका खरेदीचा वार्षिक बोजा घटतो आणि दुरुस्तीचा वाढतो. दोन्हींची बेरीज जिथे सर्वांत कमी, तिथे गाडी बदलावी.

अमेरिकेत मॅडिसन शहराच्या बस कंपनीत हॅरॉल्ड झर्चर नावाचे देखभाल-प्रमुख होते. बसचे इंजिन कधी बदलायचे, हे ते ठरवत. जॉन रस्ट या अर्थशास्त्रज्ञाने १६२ बसच्या सुमारे दहा वर्षांच्या नोंदी तपासून १९८७ मध्ये त्यांच्या निर्णयांमागचे गणित मांडले. त्यात वंगण आणि सुट्या भागांबरोबर आणखी एक खर्च धरलेला होता : बस वाटेत बंद पडल्याने प्रवाशांचा उडणारा विश्वास.

आपल्या निर्लेखनात मला नेमका हाच खर्च दिसत नाही. शिवाय किलोमीटरही सगळीकडे सारखे नसतात. पाटण, महाबळेश्वर किंवा शिराळ्याचा पाऊस पत्रा गंजवतो, घाट ब्रेक आणि क्लच खातो. माण, आटपाडी, जतमध्ये धूळ इंजिनात शिरते. बंदोबस्तात गाडी जागेवर उभी असते, इंजिन मात्र चालू. तो वेळ किलोमीटरच्या काट्यावर उमटत नाही. २०१९ च्या महापुरासारख्या पुरात पाण्यात राहिलेल्या गाडीचे वय तर एका आठवड्यात कित्येक वर्षांनी वाढते.

१ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी संपते. चिलखती आणि कायदा-सुव्यवस्थेच्या खास वाहनांना तेवढी सूट आहे. हा नियम चांगला आहे, कारण ‘अजून चालते की’ या सबबीला तो शेवट घालतो. पण ती शेवटची मर्यादा आहे, बदलण्याची योग्य वेळ नव्हे. रोज रात्री फिरणारी गाडी त्याआधीच थकते. मग प्रत्यक्षात निर्णय करतो तो निधी : शासनाचा आला तर, नाहीतर जिल्हा नियोजन समितीचा मिळाला तर. निधी आला की एकदम अनेक गाड्या येतात, आणि पुढे एकदमच म्हाताऱ्या होतात.

माझे म्हणणे एवढेच : प्रत्येक गाडीच्या लॉगबुकात एक रकाना वाढवावा. कितीदा वाटेत बंद पडली, कुठे, आणि मदत मागणाऱ्याला किती वेळ थांबावे लागले. रात्री जतच्या एखाद्या वस्तीवरून ११२ लावणाऱ्या बाईला गाडीचे वय ठाऊक नसते. ती फक्त दिव्यांची वाट पाहत असते. तिने काढलेली ती मिनिटे निर्लेखनाच्या कागदावर आली, तर घोड्याचे तोंड उघडून पाहणाऱ्या त्या जाणत्या माणसाचे काम पुन्हा सुरू होईल.