फळी हलवायची की करवत?

सोसायटीत कुणाकडे फर्निचरचं काम चालू असेल तर एकदा डोकावून बघा. मिस्त्री मार्बल कटर उलटा करून प्लायवूडच्या तुकड्याला खालून बसवतात आणि पातं फटीतून वर काढतात. झाली करवत तयार! गार्ड वगैरे काही नाही. काम संपलं की सगळं पिशवीत. याला निष्काळजीपणा म्हणणं सोपं आहे. पण मुळात हे जागेच्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि तो प्रश्न शंभर वर्षं जुना आहे. माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण त्याच्याभोवतीच फिरतंय.

प्रश्न असा. टेबल सॉमध्ये पातं जागेवर असतं आणि लाकूड पुढे सरकतं. 8 फुटी प्लायवूड उभं चिरायचं तर 8 फूट पात्याच्या अलीकडे हवेत आणि 8 फूट पलीकडे. यंत्र लहान असून उपयोग काय? जागा खातं ते लाकूड.

अमेरिकेत रेमंड डिवॉल्ट नावाच्या माणसाने 1922 च्या सुमारास हे उलटं करून टाकलं. मोटर आणि पातं एका आडव्या दांड्याला वरून टांगलं. लाकूड स्थिर, करवत सरकणार. हीच रेडियल आर्म सॉ. त्याने तिला 'वंडर वर्कर' म्हटलं. लांबलचक फळी आडवी कापायची असली तरी यंत्र भिंतीला चिकटून राहतं, फळी भिंतीच्या कडेने पसरते. दुसऱ्या महायुद्धानंतर घरच्या गॅरेजात सुतारकाम करणाऱ्यांची लाट आली, तेव्हा ही करवत त्यांना आवडली यात नवल नाही. मोटर फिरवली की तिरकं कापा, उभं चिरा, खाच पाडा, सगळं एकाच कोपऱ्यात.

आता त्याची किंमत बघा. आडवं कापताना पातं तुम्ही स्वतःकडे ओढता. त्याचे दात तळाशी तुमच्यापासून लांब, मागच्या पट्टीकडे जात असतात. म्हणजे दात लाकडाला मागे ढकलतात आणि लाकूड पात्याला तुमच्याकडे ढकलतं. न्यूटनचा तिसरा नियम, शाळेतलाच. लाकूड कठीण निघालं किंवा हात सैल पडला, की करवत चाकासारखी लाकडावर चढते आणि थेट अंगावर येते. (यावर उपाय म्हणून दात मागे झुकलेली पाती मिळतात.) उभं चिरताना फळी चुकीच्या बाजूने आत घातली तर पातं ती हातातून हिसकावून पलीकडे फेकतं, आणि फळीमागे हात असतो. टेबल सॉसुद्धा बोटं कापतेच, पण तिथे निदान लाकूड पात्याच्या विरोधात सरकवायचं असतं. इथे त्याच यंत्राला कधी ओढायचं, कधी त्यात लाकूड ढकलायचं. जागा वाचली, आणि जास्तीचा भार पडला वापरणाऱ्याच्या लक्षावर.

हा हिशोब 2000 साली चुकता झाला. एमर्सन कंपनीने बनवलेल्या आणि सीअर्सने 'क्राफ्ट्समन' नावाने विकलेल्या सुमारे 37 लाख रेडियल आर्म सॉ परत बोलावल्या गेल्या. गार्ड पातं पूर्ण झाकत नव्हता. नवा गार्ड मोफत मिळाला. ज्यांच्या यंत्राला तो बसतच नव्हता त्यांना 100 डॉलर. तोवर यातल्या काही करवती चाळीस वर्षं चालून झाल्या होत्या.

1947 चा शॉपस्मिथ हा वेगळा मार्ग: एका मोटरवर करवत, लेथ, ड्रिल अशी पाच यंत्रं. जागा छान वाचते, फक्त दर वेळी मांडणी बदलत बसा. मला विचाराल तर खरा तोडगा हातातल्या गोल करवतीचा. 1924 पासून अमेरिकेत ती विकली जात होती, पण सरळ जात नव्हती. 1960 च्या दशकात जर्मनीतल्या फेस्टोने तिला धावायला पट्टी दिली. प्लायवूड जमिनीवर आडवं पडलेलं, करवत पट्टीवरून सरळ जाते, आणि नंतर पट्टी दाराआड उभी.

तुमची गॅलरी 4 फूट रुंद असेल तर मी हेच सुचवेन: साधी गोल करवत, खाली थर्माकोलची शीट आणि दोन क्लॅम्पनी घट्ट धरलेली ॲल्युमिनियमची सरळ पट्टी. छोट्या फळ्या आडव्या कापायला माईटर सॉ घ्या. तिचं पातं वरून खाली येतं आणि लाकूड मागच्या पट्टीला दाबलेलं राहतं. मिस्त्रींकडेही हाच मार्बल कटर असतो. तो उलटा न करता सुलटाच ठेवून, लाकडाचं पातं लावून पट्टीच्या कडेने चालवला, तर मूळचा गार्ड निदान जागेवर राहतो.